घरातली प्रवारणा

आश्विन पौर्णिमेच्या दुपारी आबा सुरवाड्यांना हमखास झोप लागायची. सकाळी विहारात वर्षावासाची सांगता व्हायची, तीन महिने चाललेलं ग्रंथवाचन संपायचं, खीरदान व्हायचं आणि दोन वाट्या खीर पोटात गेल्यावर माणूस आडवा होणारच. या वर्षी ते आडवे झाले, पण झोप आली नाही. संध्याकाळी त्यांना घरातल्या माणसांना एक प्रश्न विचारायचा होता आणि त्यांना तो विचारायची भीती वाटत होती.

प्रश्न त्यांच्याच हौसेचा होता. वर्षावास संपला की भिक्षू एकमेकांसमोर बसतात आणि ज्येष्ठ भिक्षूसुद्धा हात जोडून विचारतो, माझं काही चुकलेलं दिसलं का, सांगा. याला प्रवारणा म्हणतात, हे आबांनी स्वतःच्या निवृत्तीच्या वर्षी भन्तेजींच्या तोंडून ऐकलं. ऐकलं आणि भारावून घरी आले. आपल्याही घरात हे झालं पाहिजे. घरातल्या थोरानं सगळ्यांसमोर बसायचं, तीनदा विचारायचं, आणि जे सांगितलं जाईल ते उलट उत्तर न देता ऐकून घ्यायचं. पटलं तर ‘दिसलं, सुधारतो’ म्हणायचं, नाही पटलं तर तसं म्हणायचं. सफाई द्यायची नाही. नियम फार कडक होते आणि सगळे आबांनीच केले होते.

“तुम्हले प्रश्न इचाराना सोस शे,” भिकुबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. “कारखाना सुटना, सवय सुटनी नही.” कारखान्यात आबा नव्या माणसांना शिकवत, तेही सारखे प्रश्न विचारून. भिकुबाई पिंपळनेरकडच्या. लग्न होऊन वरणगावला आल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण बोली त्यांनी माहेरचीच ठेवली.

इतक्या वर्षांत आबांना कोणी दोष सांगितला नव्हता. एकदा थोरल्या मुलानं, मगननं, हात वर करून सांगितलं होतं की आबा बातम्या फार मोठ्यानं लावतात. सगळे हसले, आबांनीही ‘दिसलं, सुधारतो’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी बातम्या तेवढ्याच मोठ्यानं लागल्या. बाकी दर वर्षी तीनदा प्रश्न, तीनदा शांतता आणि मग खीर. कोणी बोललं नाही म्हणजे दोष नाही, असं आबा धरून चालत आणि मनातून सुखावत.

मगन फाल्गुनात गेला. कामावर जायची तयारी करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. वय पन्नाससुद्धा नव्हतं. बापाच्या पाठोपाठ तोही वरणगावच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीत होता, बंदुकीच्या गोळ्या तयार होतात त्याच विभागात. त्याच्या जागी घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळणार होती. ती मगनच्या मुलाची, अखिलची, यात कोणाला शंका नव्हती. पोरगा डिप्लोमा झालेला, भुसावळला ठिबकच्या दुकानात फुटकळ पगारावर राबत होता. दिवाळीच्या आत नाव कळवायचं होतं.

आणि आठ दिवसांपूर्वी विहारात, तरुणांच्या चर्चेत, अखिल उभा राहून बोलला. उपासकानं कोणते धंदे करू नयेत हे बुद्धांनी सांगितलं आहे आणि त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. आमच्या घरात तिसऱ्या पिढीला हे काम चालून आलंय, मी ते घेणार नाही. आबा पहिल्याच रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सगळ्या विहारानं आधी अखिलकडे पाहिलं, मग आबांकडे.

तेव्हापासून आजा आणि नातू यांच्यात मीठ-भाकरीपलीकडे बोलणं नव्हतं. नोकरी गेली तर गेली, असं आबा एखाद्या रात्री स्वतःला समजावत. पण पोरानं ती ज्या कारणासाठी नाकारली, ते खरं धरलं तर त्यांची स्वतःची सगळी उमर चुकीच्या जागी गेली असा अर्थ होत होता. मगनचीही. हे त्यांना सहन होत नव्हतं. अखिलनं शब्द मागे घ्यावा, गेटमधून आत जावं आणि हा डाग पुसावा, एवढंच त्यांना हवं होतं.

चारच्या सुमारास धाकटा प्रेमराज धुळ्याहून आला. तो तिथल्या एका शाळेत मुख्याध्यापक. कुठंही गेला तरी पालकसभेला आल्यासारखा बोलायचा. हातपाय धुऊन त्यानं आबांना ओट्यावर बाजूला घेतलं.

“आबा, यंदा ते विचारणं राहू द्या.”

“का राहू द्यायचं?”

“अखिल विहारात बोलला ते घरात बोलेल. तुम्हाला उलट बोलायची बंदी. गोळी घेतली का बीपीची?”

“घेतली.”

“मग वंदना करू, जेवू, आणि जेवताना मी त्याला नीट समजावतो. वहिनींचं काय करायचं तेही माझ्या डोक्यात आहे.”

सल्ला चांगला होता. आबांना तो इतका आवडला की त्यांनी होकारार्थी मानही हलवली. तेवढ्यात कोकिळा चहा घेऊन आली. मगनची बायको, जामनेरची. नवरा गेल्यापासून ती घरात असून नसल्यासारखी वावरायची, म्हणजे सगळ्यांना तसं वाटायचं. चहा सगळ्यांना वेळेवर मिळत होता, त्यामुळे कोणी जास्त विचार केला नाही.

“आबा, पांढरी चादर धुतलेली टाकते,” ती म्हणाली. “यंदा विचारणार आहात ना?”

“का गं?”

“नाही, तसंच.”

ती आत गेली. आबांनी चहा संपवला. सुनेनं चादर धुऊन ठेवली होती. सगळं दर वर्षीसारखं मांडून ठेवायचं आणि ऐन वेळी भ्यायलो म्हणून गुंडाळायचं, हे त्यांच्याच्यानं होईना.

“विचारणार,” ते प्रेमराजला म्हणाले. “बंदी मीच घातलीय. मीच मोडू का?”

दिवेलागणीच्या आधीच बसायचं ठरलं. ऑक्टोबरचं ऊन उतरलं होतं, तरी पत्र्याखालच्या खोलीत धग होती. स्वयंपाकघरात बट्ट्या तळून झाल्या होत्या, वरणाला फोडणी पडली होती आणि खिरीचं पातेलं मंद आचेवर होतं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागली. बाजूला बाबासाहेबांची तसबीर, आणि या वर्षी तिच्या खाली मगनचा फोटो. त्रिशरण झालं, पंचशील झालं. पहिलं शील म्हणताना अखिलचा आवाज इतरांपेक्षा किंचित मोठा लागला, किंवा आबांना तसं वाटलं.

मग आबा सगळ्यांकडे तोंड करून बसले. समोर भिकुबाई भिंतीला टेकून, प्रेमराज मांडी घालून, अखिल दाराशी. कोकिळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, खिरीवर नजर राहील अशी.

आबांनी हात जोडले. “या वर्षात माझं काही वावगं तुम्ही बघितलं असेल, ऐकलं असेल, नुसता संशय आला असेल तरी सांगा. उपकार होतील. मला दिसलं तर मी सुधारेन.”

कोणी बोललं नाही. प्रेमराजनं घसा साफ केला, पण तो घसाच होता.

आबांनी दुसऱ्यांदा विचारलं. शब्द तेच होते, पण आवाज थोडा बसला.

“मला संशय आहे,” अखिल म्हणाला.

प्रेमराजनं ‘झालं’ अशा अर्थाचा श्वास सोडला. अखिलनं हात जोडलेलेच होते.

“आबा, मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. विहारात बोललो तेव्हा तुम्ही समोर आहात हे मला बोलून झाल्यावर कळलं. ते चुकलं माझं. पण संशय आहे. आपण रोज सकाळी म्हणतो, जिवाची हत्या करणार नाही. तेवढं म्हणून होतं न होतं तोच भोंगा वाजतो आणि घरातला माणूस गोळ्या करायला निघतो. या दोन गोष्टी रोज एकापाठोपाठ झाल्या आणि आपल्या घरात त्यावर कधी एक शब्द कोणी बोललं नाही. तुम्ही नाही, बाबा नाहीत. मला ते तसं पुढं चालवायचं नाही.”

आबांच्या तोंडात उत्तर तयार होतं. आठ दिवस ते त्याला धार लावत होते. पण त्यांनी ओठ मिटून घेतले. त्यांच्या वतीनं प्रेमराज उठला.

“अखिल, मी तर नियमात नाही, मी बोलतो. सीमेवरचा जवान काय काठीनं लढेल? देश राखणं ही हिंसा का?”

“मी जवानाला काही म्हणत नाही, काका. मी माझं म्हणतो.”

“आणि धम्मात चेतनेला महत्त्व आहे. मनात काय होतं ते बघायचं. तुझ्या आजोबांच्या मनात कोणाला मारायचं नव्हतं, पोरं शिकवायची होती.”

“दारूच्या गुत्तेवाल्यालाही पोरंच शिकवायची असतात.”

“आजाले गुत्तावाला म्हनस का रे?” भिकुबाईंनी जमिनीवर हात आपटला.

“नाही, आजी. तसं नाही.” अखिलचे डोळे भरून आले. “मला नीट बोलता येत नाहीये.”

प्रेमराजला चेव आला. “मग मी सांगतो नीट. तुझा पणजा गावकीत राबला. ढोर मेलं की ओढायला त्याला हाक. आणि हाक कशी, तर नाव घेऊन नाही. आबा इथं आले, कारखान्यात लागले, तिथं त्यांना पहिल्यांदा ‘सुरवाडे’ म्हणून कोणी बोलावलं. या भिंती त्यातून उभ्या राहिल्या. मी मुख्याध्यापक त्यातून झालो. तू डिप्लोमा त्यातून झालास. आणि आता तुला तो पैसा टोचतोय?”

हेच आबांना म्हणायचं होतं, शब्दन् शब्द. धाकट्यानं म्हटलं म्हणून त्यांना बरं वाटलं. अखिल खाली बघत होता. आता पोरगं वरमलं, आबांना वाटलं.

“मला हे सगळं माहीत आहे, काका,” अखिल हळू म्हणाला. “म्हणूनच झोप नाही लागत. पण पणजोबांचं काम आबांनी का सोडलं? पोटाला तर त्यातूनही मिळत होतं. गावातल्या लोकांनी तेव्हाही सांगितलं असेल, बापजाद्यांचं काम आहे, सोडता कशाला. आबांनी सोडलं. मग मीही एक काम सोडतोय. सोडायचं कसं ते मी आबांकडूनच शिकलो ना?”

आबांनी आठ दिवस धार लावलेलं उत्तर निरुपयोगी झालं. त्यांना संताप आला, आणि संतापाच्या आत कुठंतरी पोराचा अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाचाच पुन्हा संताप आला. निवृत्तीनंतर आबा आनापान शिकले होते, श्वास आत येतो तो जाणायचा, बाहेर जातो तो जाणायचा. एरवी करायला बसले की पाचव्या श्वासाला घोरायला लागत. आज एकही श्वास सुटला नाही. राग आहे, हे त्यांनी जाणलं. राग गेला नाही, पण तो तोंडातून बाहेरही पडला नाही.

“मला दिसत नाही,” ते शेवटी म्हणाले. “तू म्हणतोस ते मला अजून दिसत नाही. उगाच ‘दिसलं’ म्हणणार नाही. खोटं होईल.”

“बरं, आबा,” अखिल म्हणाला आणि त्यानं वाकून नमस्कार केला.

“पोऱ्याले नको तं नको,” भिकुबाई एकदम म्हणाल्या. मघाशी नातवावर डाफरलेली बाई आता त्याच्याकडे सरकली होती. “मन्हा एक गया. ह्याले कसाले रडावतस?”

“रडवत नाही, माय. पण घर कसं चालणार ते बघायला नको का?” प्रेमराज आता कामकाजाच्या आवाजात आला. “अखिल घेणार नसेल तर मग मी विचार केलाय. आबांचं पेन्शन आहे, तुमचं दोघांचं भागेल. अखिल भुसावळला खोली करू शकतो. वहिनींना मी धुळ्याला नेतो. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. घरात तेवढीच मदत होईल, त्यांनाही बदल मिळेल. वहिनींची जबाबदारी माझी.”

“आई माझ्याबरोबर राहील,” अखिल म्हणाला.

“तुझ्या खोलीत? दिवसभर एकटी काय करेल ती?”

“आते कोकिळा आठेच राही,” भिकुबाई म्हणाल्या. “माले कोन शे?”

तिघांची ओढाताण सुरू झाली. धुळं, भुसावळ, वरणगाव. आबांना वाटलं, बोलणं नोकरीवरून घसरलं हे बरंच झालं. आता तिसऱ्यांदा विचारून मोकळं व्हावं आणि पानं वाढायला सांगावीत. त्यांनी हात जोडले आणि भराभर म्हटलं, “बघितलं असेल, ऐकलं असेल, संशय असेल, सांगा. दिसलं तर सुधारेन. चला, कोकिळा, खीर—”

“मला सांगायचंय,” कोकिळा म्हणाली.

ती उंबऱ्यावरून उठली. आत जाऊन तिनं गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि परत येऊन चादरीवर बसली, आबांच्या अगदी समोर. इतक्या वर्षांत ती या चादरीवर बसलेली कोणी पाहिली नव्हती.

“दर वर्षी मी उंबऱ्यावर बसते, आबा. तुम्ही विचारता, मी गप्प असते. गप्प म्हणजे दोष नाही, असं तुम्ही धरता. माझं अर्धं लक्ष दूध उतू जाईल याच्यावर असायचं. म्हणून मी गप्प.”

प्रेमराजला हसू आलं. बाकी कोणी हसलं नाही म्हणून त्यानं ते आवरलं.

“आता सांगते. हे गेले तेव्हापासून या नोकरीवर घरात बोलणं चाललंय. तुम्ही बोलले, प्रेमराजभाऊ बोलले, युनियनचे लोक ओट्यावर बसून चहा पिऊन बोलून गेले. चहा मीच केला. अखिल घेईल का, नाही घेतली तर काय. मला एकच विचारलं, म्हणजे विचारलंसुद्धा नाही, दाखवलं. आईची हरकत नाही म्हणून सही इथं करायची, असं. मी केली. आत्तासुद्धा मी कुठं राहायचं त्यावर तिघं बोलताहेत. आबा, ज्याची जागा रिकामी झाली त्याची बायको मी आहे. तुम्ही मला विचारलं नाही. हे मी बघितलं, कानानं ऐकलं. यात संशय काही नाही.”

“काय विचारायला हवं होतं?” आबांनी विचारलं. नियमात हे बसत नव्हतं, पण त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

“की कोकिळा, तू करशील का नोकरी.”

“तू?” प्रेमराज म्हणाला. मग सावरून, “म्हणजे तुम्ही, वहिनी?”

“बारावी झालेय मी. चव्वेचाळीस वय आहे. नियमात बायकोचं नाव पहिलं येतं, हे युनियनवालेच सांगत होते, मी आत बट्ट्या वळत होते तेव्हा. मला करायचीय.”

“शिफ्ट असतात, वहिनी. लोक नावं ठेवतील, दीर मुख्याध्यापक आणि भावजय—”

“बायका आहेत तिथं, भाऊ. नव्यानं नाही निघालेल्या.”

अखिल मात्र हादरला होता. “आई, मी ज्याला नाही म्हणालो, ते तू करायचं? माझ्यामुळं? मग मीच जातो. तुला मी तिथं पाठवणार नाही.”

“तू मला कोण पाठवणारा?” कोकिळा म्हणाली, पण आवाज मऊ होता. “तुझ्यामुळं नाही रे. तुला वाटतं आई त्याग करतेय. मला हवीय ती. मी रोज डबा भरून दारात उभी राहायची. भोंगा वाजला की अख्खी कॉलनी निघायची, आणि मी घरात वळायची. मला वाटायचं, आपणही निघावं. हे होते तेव्हा बोलले नाही, तेव्हा बोलायचं काही कारणही नव्हतं. आता आहे. धुळ्याच्या वरच्या खोलीत मला जायचं नाही, आणि तुझ्या गळ्यातही पडायचं नाही.”

“पण गोळ्या, आई. त्या गोळ्या कुणाला तरी लागणार.”

“लागतील.”

“मग?”

कोकिळेनं मूर्तीकडे पाहिलं. “मला तुझ्यासारखं वाचून सांगता येत नाही. ग्रंथ मीही ऐकलाय तीन महिने, मागं बसून. प्रेमराजभाऊ म्हणतात चेतना बघायची. भाऊ म्हणतात ते मला सोपं वाटतं, फार सोपं. तू म्हणतोस ते मला खरं वाटतं. पण तू निर्मळ राहणार ते आजा आणि बाप तेलकट हातांनी घरी आले म्हणून, हे विसरू नको. मी आत गेले तर पहिलं शील म्हणताना मला रोज टोचेल. मला कँटीनला घातलं तरी टोचेल, ऑफिसात घातलं तरी. चहा काय नि गोळी काय, एकाच गेटच्या आत. टोचू दे. मी डोळे झाकून जाणार नाही आणि मी बरोबर करतेय असं कोणाला सांगतही फिरणार नाही. एक दिवस असा आला की आता नाही सोसत, तर सोडेन. ते मी ठरवीन. माझं शील मला सांभाळू दे, तुझं तू सांभाळ.”

अखिलनं गुडघ्यात तोंड घातलं.

“बठ्ठा बोलनात,” भिकुबाई स्वतःशीच म्हणाल्या. “जिना नवरा गया तिले कोनी इचारं नही. माले बी सुचनं नही, बायको जात असीसन.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

आता सगळे आबांकडे बघत होते. आबांना दिवसभर ज्याची धास्ती होती ते मघाशीच होऊन गेलं होतं, आणि त्यातून ते धड बाहेर येतात न येतात तोच हे. त्यांना आधी वाईट वाटलं, ते स्वतःबद्दलच. सगळं आयुष्य आपण ‘आम्हाला कोणी विचारत नव्हतं’ हे पोरांना सांगत आलो. गावानं विचारलं नाही, पाटलानं विचारलं नाही. कारखान्यानं विचारलं म्हणून कारखाना मोठा. आणि घरात एक बाई इतकी वर्षं उंबऱ्यावर बसून होती. दोष होता आणि तो अगदी साधा होता. एखाद्या पोरालाही दिसावा इतका. मग त्यांना तिच्यासमोर बसायचीच लाज वाटायला लागली.

“दिसलं,” ते म्हणाले. बातम्यांच्या आवाजाबद्दल म्हटलं होतं तसं नाही. “कोकिळा, मला दिसलं. सुधारतो.”

कोकिळेनं हात जोडले. तिला रडू आलं नव्हतं ते आता आलं.

“उद्या मी येतो ऑफिसात,” प्रेमराज म्हणाला. त्याला काहीतरी करायला हवंच होतं. “तुमचं नाव घालायला, वहिनी. साहेब ओळखीचे आहेत माझ्या.”

“या. पण बोलायचं मी.”

“हो, हो. तुम्हीच.”

अखिलनं तोंड वर केलं. डोळे लाल झाले होते. “मी हो नाही म्हणणार, आई. मला पटलेलं नाही.”

“म्हणू नको.”

“पण सकाळी गाडीवर गेटपर्यंत सोडत जाईन. भुसावळला जाताना. आत येणार नाही.”

“आत तुला बोलावलंय कोणी?” कोकिळा म्हणाली, आणि भिकुबाई रडता रडता हसायला लागल्या. मग प्रेमराजही हसला. अखिल हसला नाही, पण उठून स्वयंपाकघरात गेला आणि वाट्या काढायला लागला. हे काम त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. फडताळातून भांडी पडल्याचा आवाज आला.

“मी बघते,” म्हणत कोकिळा उठायला लागली.

“बस,” आबा म्हणाले. “काढू दे त्याला. तू बस जरा.”

ती बसली. मग आबा, कारखान्यात नव्या माणसाला सांगत तसं, सांगायला लागले.

“नायलॉनची साडी चालत नाही आत, ठिणगी पडते. सुती नेसायची. केसांत लोखंडी आकडा नको, चपलेला खिळा नको. मोबाइल गेटवर जमा. आत धावायचं नाही, काही झालं तरी. हातातली वस्तू आपटायची नाही, ठेवायची.”

“बरं.”

“जेवणाआधी हात दोनदा धुवायचे. साबण तिथं असतो, पण आपला न्यावा.”

“बरं, आबा. आणखी?”

आबा थांबले. अखिल वाट्या घेऊन दारात आला होता, तोही थांबला.

“आणखी म्हणजे, पहिले काही महिने हात थरथरेल,” आबा म्हणाले. “माझा थरथरायचा. बरोबरचे हसायचे, म्हणायचे सुरवाडे भितो, स्फोटाला भितो. मी काही सांगत नसे. सकाळी पहिलं शील म्हणून निघालेला असायचो, त्यापायी थरथरायचा. मग थांबला. कुठल्या वर्षी थांबला, ते मला कळलंसुद्धा नाही.”

त्यांनी आपले हात मांडीवर उलटे करून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, “तुझा थांबला, कोकिळा, तर त्या दिवशी घरी येऊन मला सांग.”